यकृतातल्या तारका पेशी

यकृताच्या जखमेवर वण कोण घालतं, हा प्रश्न साधा वाटतो. पण त्या पेशी ओळखायलाच शंभर वर्षं गेली. १८७६ साली कार्ल फॉन कुप्फर यांनी सोन्याच्या क्षारानं यकृताचे काप रंगवले, तेव्हा त्यांना चांदणीसारखे फाटे फुटलेल्या पेशी दिसल्या. पुढे गंमत झाली. रक्तातला कचरा गिळणाऱ्या वेगळ्याच पेशींना ते याच तारका समजले, आणि आज 'कुप्फर पेशी' म्हणतात त्या या दुसऱ्यांनाच! जपानच्या तोशिओ इतो यांना यकृतात चरबी साठवणाऱ्या पेशी आढळल्या. त्या आणि कुप्फर यांच्या तारका एकच, हे केंजिरो वाके यांनी १९७१ साली दाखवलं.

एरवी या पेशी म्हणजे शांत कोठीवाल्या. शरीरातलं बहुतेक 'अ' जीवनसत्त्व त्याच सांभाळतात. पण हेपॅटायटिसचा विषाणू, दारू किंवा मधुमेह-लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी यांनी यकृताला इजा झाली, की त्या कोठार रिकामं करतात आणि कोलॅजनचे धागे विणू लागतात. इजा एकदाच झाली तर हे काम उपकाराचंच. ती वर्षानुवर्षं चालू राहिली, तर वणावर वण चढतात. हाच फायब्रोसिस, त्याचं शेवटचं टोक सिऱ्हॉसिस. शिवाय या पेशी आकुंचन पावून बारीक रक्तवाहिन्या आवळतात. मग रक्ताचा दाब वाढून अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, आणि पुष्कळांना आजार कळतो तो रक्ताची उलटी झाल्यावर. तोवर दुखत काहीच नाही. एसजीपीटी नॉर्मल आहे म्हणून निर्धास्त राहणारे मला नेहमी भेटतात. वण असूनही तो आकडा नॉर्मल असू शकतो. मधुमेह्यांनी फायब्रोस्कॅनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

सिऱ्हॉसिसला परतीची वाट नाही, असं पूर्वी शिकवलं जाई. पण २०१३ साली 'लॅन्सेट'मध्ये हेपॅटायटिस बीच्या रुग्णांचा अभ्यास आला. टेनोफोविर पाच वर्षं घेतल्यावर, सिऱ्हॉसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या बायॉप्सीत तो उरला नव्हता! मूळ कारण थांबलं, की काही तारका पेशी मरतात, काही पुन्हा शांत होतात, आणि वण हळूहळू विरघळतो. सगळ्यांचाच नाही, फार जुना, घट्ट वण राहतो.

दारू सोडून पुन्हा धरणाऱ्यांना मी आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की एकदा जाग्या होऊन शांत झालेल्या या पेशी पुढच्या इजेला आधीपेक्षा लवकर उठतात.