पाठीतले पाणी

जन्माला येऊन २८ दिवसही न झालेले मूल आजारी पडले, म्हणजे दुखणे फुप्फुसात असो, रक्तात असो वा मेंदूच्या आवरणात असो, त्याची फिर्याद ते एकाच तऱ्हेने मांडते: रडणे क्षीण होते, दूध ओढण्याचा जोर ओसरतो, पोर मलूल पडते, अंग तापते किंवा उलट गार लागते. गडचिरोलीच्या खेड्यांत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तयार केलेल्या आरोग्यदूत स्त्रिया अशाच लक्षणांवरून रोग ताडीत, आणि दवाखाना जेथे दुरापास्त होता तेथे घरीच इंजेक्शन देऊन त्यांनी अर्भके वाचविली, हे १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. परंतु दवाखाना हाताशी असताना केवळ लक्षणांवर विसंबणे मला गैर वाटते. थोरांच्या मेंदूच्या आवरणाला दाह झाला तर मान ताठते. नवजाताची मान बहुधा मऊच राहते, आणि टाळू फुगून झटके येईपर्यंत बहुमोल काळ निघून गेलेला असतो.

म्हणूनच रक्तात जंतुसंसर्ग झाल्याचा सबळ संशय येताच डॉक्टर पाठीतले पाणी, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव, तपासणीसाठी काढण्यास संमती मागतात, आणि नेमकी त्याच घडीला घरची वडीलधारी मंडळी अडून बसतात. सुईने पोर लुळे पडेल, ही धास्ती शिकल्यासवरलेल्यांच्या घरीही तितकीच आढळते. वस्तुतः जर्मनीतील कीलचे डॉक्टर हाइनरिख क्विंके यांनी १८९१ साली प्रचारात आणलेल्या या रीतीत परिचारिका मुलाला कुशीवर घेऊन, श्वास कोंडणार नाही इतपतच दुमडून धरते, आणि सुई कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, मज्जारज्जू जेथे संपलेला असतो त्याच्याही खाली शिरते. मग नळीत थेंब थेंब द्रव उतरतो. तो निर्मळ दिसला तरी पेशी, साखर आणि प्रथिने मोजल्यावाचून खातरजमा होत नाही. मूल अत्यवस्थ असेल तर ही तपासणी लांबणीवर टाकावी; औषध मात्र एक तासही अडवू नये.

'रक्ताचा अहवाल निर्दोष आला, मग सुई कशाला?' असा सवाल हमखास येतो. मेंदूच्या आवरणाचा दाह झालेल्या सुमारे एक तृतीयांश नवजात बालकांच्या रक्तात जंतू सापडतच नाही, हे त्याचे उत्तर. शिवाय इलाजाची मुदतच पालटते: रक्तातील संसर्गाला बहुधा ७ ते १४ दिवस पुरतात, तर आपल्याकडे वारंवार आढळणाऱ्या क्लेब्सिएलासारख्या जंतूंनी आवरण ग्रासल्यास निदान २१ दिवस शिरेतून औषध द्यावे लागते, आणि तेही आवरणाआड पोहोचणारे, कारण रक्तात मातब्बर ठरणाऱ्या जेंटामायसिन या औषधाचा तेथे शिरकाव तुटपुंजा असतो.

घरी परतल्यावर मुलाची श्रवणचाचणी करून घ्यावी आणि प्रत्येक भेटीत डोक्याचा घेर फितीने मोजून कागदावर नोंदवून घ्यावा, कारण डोक्यात पाणी साचू लागल्याचा पहिला दाखला पुष्कळदा त्या आकड्यांतच मिळतो.