एक तरी काम हाताचं



पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय ‘कर्णशस्त्रक्रियेतील करिअर’ असा छापलाय. येतो त्याच्याकडे. पण सूतकताईच्या बाईंना पुढच्या रांगेत पाहिलं आणि टकळीच आठवली. निंबळकहून सायकल हाणत शाळेत यायचो. थंडीत बोटं वळायची नाहीत. पहिल्याच तासाला सूतकताई! पेळू जरा ओढला की सूत तुटलंच. तिकडे लष्कराच्या के. के. रेंजवर तोफा धडधडत असायच्या, आणि इकडे बाई काही न बोलता माझी मूठ धरून सैल करायच्या.

तीच सैल मूठ आज कामाला येते. बहिऱ्यांना ऐकू यावं म्हणून मी कॉक्लिअर इम्प्लांट करतो. कानामागचं हाड ड्रिलनं पोखरत जायचं. वाटेत चेहऱ्याची नस, तिला इजा झाली तर तोंड वाकडं. मग आतल्या कानातल्या, शंखासारख्या अडीच वेढ्यांच्या कॉक्लियात इलेक्ट्रोडची तार सरकवायची. जोर लावला की उरलंसुरलं ऐकू येणंही गेलं. पुढे बाहेरचं यंत्र आवाजाचे संदेश करून आत पाठवतं, आणि ही तार ते विजेच्या रूपात थेट श्रवणाच्या नसेला देते. झालं, एवढंच आमचं शास्त्र.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅम क्लार्कना हीच तार आत जाईना. 1977 मध्ये ते सुट्टीत समुद्रावर गेले आणि शंखात गवताची पाती घालून बघत बसले. टोकाला लवचीक आणि बुडाकडे ताठ असलेलं पातं आत खोलवर गेलं! दुसऱ्या वर्षी मेलबर्नला त्यांनी आपलं पहिलं इम्प्लांट बसवलं. आपल्याकडे डॉ. सँड्रा देसा सूझांनी 1987 मध्ये मुंबईत, जसलोकला सुरुवात केली.

म्हणून सांगतो, एक तरी काम हातानं शिका. शिवण, सुतारकाम, तबला, सायकलचं पंक्चर, काहीही. मोबाईलवर अंगठा फिरवणं मी यात धरत नाही. माझ्याकडे शस्त्रक्रिया शिकायला मेरिटमधली पोरं येतात, आणि टाक्याची गाठ मारताना धागा तोडतात. त्यांना मी आधी महिनाभर संत्र्याची साल शिवायला लावतो. रागावतात बिचारी! पालकांनो, क्लासच्या फिया तर भरताच, घरात एक पान्ना आणि करवतही आणून ठेवा. बोट कापलं तर कापू दे, टाके घालायला मी आहे.

आणि हो, पोरगं हाक मारल्यावर बघत नसेल तर ‘लक्षच नसतं’ म्हणून धपाटा घालू नका. आधी कान तपासा. जन्मतः बहिऱ्या बाळाच्या बाबतीत एकेक महिना मोलाचा असतो.

बाई, तुम्ही हसताय, पण तुमचं कानाचं मशीन पर्समध्ये आहे, मघाशी चहाला पाहिलं मी. पर्समध्ये ठेवून ऐकू येत नाही हो! उद्या सकाळी मी नगरातच आहे, सेटिंग करून देतो. अध्यक्षमहाराज, तुम्हीही या बाईंबरोबर. मघापासून माझ्या प्रत्येक वाक्याला मान डोलावताय, पण भाषण किती वेळ करू, हे मी तुम्हाला दोनदा विचारलं होतं.