नोंद वेळच्या वेळी

(परिचारिका अभ्यासक्रमाच्या नव्या तुकडीसमोर रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. शुश्रूषेविषयी बोलण्याचा माझा अधिकार मर्यादित आहे. तथापि हिशेबाचा एक नियम आपल्याही उपयोगी पडावा : ज्या दिवसाचा व्यवहार, त्याच दिवशी रोजकीर्दीत. वॉर्डात तर दिवसभराचीही सवलत नाही. सकाळी सहाला मोजलेली नाडी आठ वाजता आठवून लिहिली, तर तक्ता नीटनेटका दिसेल. तो खरा असेलच असे नाही. उपचार मात्र त्यावरूनच ठरतात. औषध दिले आणि नोंद राहिली, तर पुढच्या पाळीतील परिचारिका तेच औषध पुन्हा देण्याचा संभव असतो. रोजकीर्दीतील चूक दुरुस्त करता येते, पोटात गेलेली गोळी परत घेता येत नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या ग्रंथात एक संपूर्ण प्रकरण अशा बारीकसारीक व्यवस्थेला दिले आहे. आपण हजर असताना जे होते, ते आपल्या गैरहजेरीतही व्हावे, हा त्याचा गाभा.

तेव्हा खिशात लहानशी वही, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि दोन पेन ठेवावेत. (एक पेन डॉक्टर मागून नेतातच.) प्रात्यक्षिकांची नोंदवही परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी राखून न ठेवता, पाळी संपताच, वसतिगृहावर जाण्यापूर्वी भरावी.