बांधावरचा कॅमेरा



आम्ही दोघी जावा जुन्नर तालुक्यात शेतातल्या वस्तीवर राहतो. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं गोठा आणि तिन्ही बाजूंनी ऊस. बिबट्या आम्हाला नवा नाही. नवा आहे तो कॅमेरा.

दिवाळीत आमचा कुत्रा गेला. सकाळी नुसती साखळी राहिली. घरातले पुरुष म्हणाले, पिंजरा लावायला सांगू. सासूबाई म्हणाल्या, आधी कोण येतंय, किती येतायत ते तरी बघा. एक नेला तर त्याच्या जागी दुसरा येईल. म्हातारीचं बोलणं म्हणून कुणी मनावर घेतलं नसतं. पण जुन्नर भागात २००१ पासून बिबटे पकडून जवळच्या जंगलांत सोडायचं मोठं काम झालं, तेव्हा माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले, असं डॉ. विद्या अत्रेय यांच्या अभ्यासात आहे. आम्हाला ते फार उशिरा कळलं. सासूबाईंना अंदाजानंच कळत होतं.

भाच्यानं कॅमेरा आणून दिला. जेवणाच्या डब्याएवढा, आत आठ पेन्सिल सेल. एरवी झोपलेला असतो. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की जागा होऊन फोटो काढतो, खाली तारीख-वेळ छापतो. आम्ही तो बांधावरच्या खांबाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधला. पहिल्या आठवड्यात शेकड्यानं फोटो आले, सगळे पाचटाचे! उन्हानं तापलेली पानं वाऱ्यानं हलली तरी त्याला जनावर वाटतं. मग विळा घेऊन समोरचं सगळं साफ केलं, तोंड उन्हाकडून फिरवलं.

नंतर मात्र मजा आली. मुंगूस, रानमांजर, काटे फुलवलेलं साळिंदर. इतकी वर्षं इथं राहून आम्हाला साळिंदर कधी दिसलं नव्हतं. आणि एका रात्री ती दिसली. मागं दोन बछडी. प्रत्येक बिबट्याचे ठिपके वेगळे असतात, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, म्हणून पुढच्या फोटोंतही तीच आहे हे ओळखता आलं. आम्हाला वाटत होतं चार-पाच बिबटे फिरतायत. फोटोंत ही एकटीच पुन्हा पुन्हा. सासूबाई म्हणाल्या, लेकुरवाळी आहे गं. पिंजऱ्याचा विषय तिथंच थंडावला.

पण खरं सांगायचं ते पुढंच आहे. त्याच कार्डावर पहाटे ४ वाजून १२ मिनिटांनी ती बांधावरून गेलेली. आणि ४ वाजून ३१ मिनिटांनी त्याच वाटेनं आमच्यातली थोरली, हातात डबा. आमचा संडास बांधाच्या टोकाला होता. एकोणीस मिनिटं! खाली बसलेलं, वाकलेलं माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतं, असं वनखात्याची माणसं सांगतात. तो फोटो बघून आम्हा दोघींच्या तोंडचं पाणी पळालं.

आणि तो फोटो आम्ही एकट्यांनी पाहिला नाही. भाच्यानं कार्ड मोबाइलला लावलं तेव्हा शेजारपाजारचे सहा-सात जण जमले होते. एक जण हसला. त्या हसण्यानं थोरली दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

ही आमचीच गोष्ट नाही. उत्तराखंडात कॉर्बेटच्या जंगलाकडंच्या बायकांवर केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला अभ्यास २०२४ साली आला. तिथं वाघ मोजायला लावलेल्या कॅमेऱ्यांपुढं बायका अवघडतात. लाकडं आणायला जाताना त्या गाणी म्हणायच्या, त्या आवाजानं जनावरं लांब राहायची. कॅमेरे आल्यापासून त्या गप्प झाल्या, म्हणजे धोका उलटा वाढला.

आम्ही काय केलं? कॅमेरा काढला नाही. त्याचं तोंड वाटेवरून वळवून उसाच्या कडेला केलं. कार्ड आता आम्ही दोघीच काढतो, आधी आम्ही बघतो, माणसाचा फोटो असला की तिथंच पुसतो. बिबट्याचे फोटोही कुणाला पाठवत नाही. एकदा एक गावात गेला, तर दुसऱ्या दिवशी दहा मोटारसायकली बांधावर! शेळ्यांच्या वाड्याला वरूनही जाळी मारली. पोरांना अंधार पडायच्या आत घरात घेतो.

आणि संडास! दोन वर्षं ‘ऊस गेला की बघू’ ऐकत होतो. त्या दोन वेळा कागदावर लिहून आम्ही भिंतीवर चिकटवल्या: ४.१२, ४.३१. पंधरा दिवसांत घराला लागून संडास उभा राहिला, दारात दिव्यासकट.

एक अडचण अजून तशीच आहे. पंपाला लाइट रात्रीच येते, त्यामुळं पाण्याची दारं धरायला माणूस उसात जातंच. मोठ्यानं बोलत जा, बॅटरी न्या, मोबाइलवर गाणी लावा, एवढंच सांगतो. परवा त्या वेळी कॅमेऱ्यात काही नव्हतं. पहाटे मात्र एकच बछडं दिसलं, आईच्या खांद्याला लागलेलं. दुसरं कुठं गेलं, ते पुढच्या रविवारी कार्ड काढू तेव्हा बघू.