मुक्ता नावाच्या लेकी



वसंत व्याख्यानमालेत बोलायला उभ्या राहणाऱ्याने एखाद्या ग्रंथावर बोलावे, थोर पुरुषावर बोलावे, निदान एखाद्या प्रश्नावर तरी बोलावे, असा रिवाज आहे. मी आज एका नावावर बोलणार आहे. तेही मुलीच्या नावावर. ते नाव मुक्ता. आपल्या आज्या-पणज्यांत ‘मुक्ताबाई’ घरोघर सापडते. नाव इतके ओळखीचे झाले आहे की त्याला काही अर्थ असतो हेच आपण विसरून गेलो आहोत.

अर्थ दोन आहेत. संस्कृतात मुक्ता म्हणजे मोती, आणि मुक्ता म्हणजे सुटलेली, मोकळी झालेली. बारशाला पाळण्याशी उभ्या राहणाऱ्या आईबापांच्या मनात बहुधा मोतीच असतो. मोती डबीत जपून ठेवायचा. मोकळी झालेली वस्तू डबीत राहत नाही. आणि आपल्या मराठवाड्यात तर मुक्ती हा शब्द नुसता पोथीतला नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली त्या लढ्याला आपण मुक्तिसंग्राम म्हणतो. तेव्हा या शब्दाची किंमत या सभेत कुणाला समजावून सांगावी लागेल असे मला वाटत नाही.

अलीकडच्या मुक्ता आपणां सर्वांना ठाऊक आहेत, म्हणून त्यांची नावे आधीच घेऊन मोकळा होतो. ‘जुगार’ नाटक लिहिणाऱ्या मुक्ताबाई दीक्षित झाल्या. २०१७ ते २०१९ या काळात पुण्याच्या महापौर असलेल्या आणि २०२२ साली निवर्तलेल्या मुक्ता टिळक झाल्या. ‘जोगवा’तली मुक्ता बर्वे तर रंगभूमीवर आणि पडद्यावर आपण पाहतोच. यांच्यापैकी प्रत्येकीवर स्वतंत्र व्याख्यान होईल. पण माझे मन जुन्या तीन मुक्तांशी अडकले आहे. त्यांतल्या दोघींची वाट, निरनिराळ्या तऱ्हेने, आपल्या औंढा नागनाथावरून जाते.

पहिली अर्थातच ज्ञानदेवांची धाकटी बहीण. परंपरेने तिचा जन्म शके १२०१ म्हणजे इसवी सन १२७९ चा. भावंडांची नावे ओळीने म्हणून पाहा: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. आधी संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि जिना चढून गेल्यावर मुक्ती. विठ्ठलपंतांनी जणू एक सूत्रच चार पाळण्यांत वाटून ठेवले, असे कीर्तनकार सांगतात, आणि ते ऐकायला गोड लागते. पण त्या घराची अवस्था काय होती? संन्याशाची पोरे म्हणून गावाने वाळीत टाकलेली, आईबापांनी प्रायश्चित्त म्हणून देह टाकलेला, आणि शुद्धिपत्रासाठी पैठणची पायपीट. अशा घरातली शेंडेफळ ही मुक्ता. तिला मोत्यासारखे जपायला कोणी उरले नव्हते.

आता मांड्यांची गोष्ट आठवा. निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. मुक्ता खापर आणायला कुंभाराकडे गेली. तर विसोबा चाटी नावाच्या गृहस्थाने सगळ्या कुंभारांना आधीच दम देऊन ठेवलेला. खापर मिळाले नाही. पोर रडत घरी आली, तेव्हा ज्ञानदेवांनी योगबळाने आपली पाठ तापवली आणि मुक्तेने त्या पाठीवर मांडे भाजले. हे फटीतून पाहणारा विसोबा लाजला, उष्टे खायला धावला, आणि पुढे विसोबा खेचर झाला. पाठ तापली की नाही यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा. मला या कथेत दिसते ते असे: एका पोरीला मातीचे भांडे नाकारणारा माणूस त्याच पोरीच्या मांड्यांनी पालटला.

आणि हा विसोबा पुढे कोठे भेटतो? आपल्या औंढ्याला!

नर्सीचे नामदेव मुक्तेहून नऊ-दहा वर्षांनी वडील. पांडुरंग त्यांच्याशी बोलतो, त्यांच्या हातचे जेवतो, असा त्यांचा लौकिक. संतमंडळी गोरोबाकाकांकडे जमली असता मुक्तेने कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारले, काका, हे कशाचे? काका म्हणाले, मडके पक्के की कच्चे ते याने कळते. मग ती म्हणाली, आम्हीही मडकीच की, आम्हांलाही पाहा. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणे मारले. सारे गप्प बसले, नामदेव तेवढे चिडले. निकाल लागला: हे मडके कच्चे. नामदेव रडत विठ्ठलाकडे गेले, आणि विठ्ठलानेही त्यांना गुरू करायला विसोबाकडे औंढ्यास धाडले. तिथे विसोबा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. पाय जिथे देव नसेल तिथे उचलून ठेव, असे त्याने सांगितले. नामदेव पाय नेतील तिथे पिंड. ही गोष्ट हिंगोलीत मी सांगावी हे कोळशाच्या गावी काळ्या रंगाचे कौतुक करण्यासारखे आहे. पण तिच्यातला एक धागा आपण सोडून देतो. ज्याच्यामुळे मुक्तेला खापर मिळाले नाही तो विसोबा, आणि जिने नामदेवांना कच्चे मडके ठरवले ती मुक्ता, या दोघांमध्ये नामदेव घडले. ते पुढे पंजाबापर्यंत गेले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. त्या साऱ्या प्रवासाच्या आरंभी एका मुलीचा प्रश्न आहे.

चांगदेवांची कथाही याच वळणाची. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने ज्ञानदेवांना पत्र पाठवले ते कोरे, कारण मायना आशीर्वादाचा लिहावा की नमस्काराचा हे ठरेना. मुक्ता म्हणाली, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, त्यांनाच आपण चांगदेवपासष्टी म्हणतो. चांगदेव पुढे तिचेच शिष्य झाले. आणि ज्ञानदेव स्वतः लोकांच्या बोलण्याला विटून झोपडीची ताटी लावून बसले तेव्हा बाहेरून समजूत घालणारी हीच. ताटीचे अभंग तिच्याच नावावर आहेत. रुसलेल्या मोठ्या भावाला तू संत आहेस तर संतासारखे वाग असे बजावणारी बहीण मराठीत त्याआधी नाही.

परंपरा सांगते की १२९७ साली तापीकाठी मेहूणजवळ वीज कडाडली आणि मुक्ता त्यात नाहीशी झाली. वय अवघे अठरा. जळगावकडच्या एदलाबादेला आज आपण मुक्ताईनगर म्हणतो ते तिच्यावरून. आणि येथे एक गंमत पाहा. अठरा वर्षांच्या पोरीला आपण ‘मुक्ताई’ म्हणतो. तिला आई केल्यावाचून तिचे बोलणे आपल्याला मानवत नाही काय? आज एखाद्या घरात धाकट्या मुलीने वडीलधाऱ्यांच्या बैठकीत, तुम्ही अजून कच्चे आहात, असे म्हटले तर तिच्या हाती थापटणे देतील की तिलाच थापटतील, याचा विचार या सभेतल्या बापांनी आपापल्या मनाशी करावा.

आता दुसरी मुक्ता. औंढ्याचे देऊळ आपण सर्वांनी पाहिले आहे, पण पुढच्या खेपेला जरा बाहेरून फिरून पाहावे. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोरीव, यादवकाळचा. म्हणजे पहिल्या मुक्तेच्या काळाशी लागून असलेला. वरचे बांधकाम नंतरचे. मोडलेल्या देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. काशी, गया, सोमनाथ, वेरूळ, सगळीकडे या बाईचा हात फिरला आहे. ३१ मे १७२५ चा तिचा जन्म. २०२५ साली त्याची तीनशे वर्षे भरली. त्या अहिल्याबाईंच्या मुलीचे नाव मुक्ता.

अहिल्याबाईंचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले. बाई सती जायला निघाल्या. सासरे मल्हारराव आडवे आले, म्हातारपणी मला कोण, तूच माझा मुलगा, असे म्हणून त्यांनी सुनेला थांबवले. ती थांबली म्हणून माळव्याला तीस वर्षे सुराज्य मिळाले. सासऱ्यामागोमाग १७६७ साली मुलगा मालेरावही गेला. राहिली मुक्ता. प्रदेशातल्या चोरा-दरोडेखोरांचा बंदोबस्त जो करील त्याला मुलगी देईन, असा पण बाईंनी केला आणि यशवंतराव फणशांनी तो जिंकला, अशी हकीकत सांगतात. म्हणजे राजकन्या झाली तरी ती बक्षिसातच गेली! मुक्ता हे नाव येथे पुरतेच मोत्याच्या अर्थाचे आहे.

पुढे मुक्ताबाईंचा मुलगा नथ्याबा तरुणपणीच वारला, आणि १७९१ साली महेश्वरला यशवंतराव गेले. मुक्ताबाईंनी सती जाण्याचे ठरवले. माल्कमसाहेबाने १८२३ साली छापलेल्या मध्य हिंदुस्थानच्या वृत्तांतात हा प्रसंग दिला आहे, तो वाचताना अंगावर काटा येतो. जी राणी राज्यकारभारात भल्याभल्यांना नमवीत होती तिने मुलीसमोर जमिनीवर डोके ठेवले. आपल्याला एकटे टाकून जाऊ नकोस म्हणून विनवले. मुलीने शांतपणे दिलेल्या उत्तराचा मथितार्थ असा: आई, तू म्हातारी झालीस, तुझे थोडे दिवस उरले. माझा नवरा गेला, मुलगा गेला. तू गेल्यावर मला जगणे असह्य होईल, पण मानाने मरण्याची वेळ मात्र तोवर निघून गेलेली असेल.

हे उत्तर श्रद्धेचे म्हणून सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते हिशेबाचे वाटते, आणि म्हणूनच अधिक भयंकर वाटते. तिने विधवेच्या पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला आणि तो जुळला नाही. तिच्या आईला सासऱ्याने अडवले तेव्हा तिच्यापुढे राज्याचे काम होते. मुलीपुढे काय होते? आईला दोघा ब्राह्मणांनी दंडाला धरून चितेशेजारी उभे केले होते. ज्वाळा उठल्या तेव्हा तिचा धीर सुटला. नंतर नर्मदेत स्नान करून ती वाड्यात गेली आणि तीन दिवस अन्नाला शिवली नाही, शब्द बोलली नाही. लेक-जावयाच्या नावाने पुढे तिने महेश्वरला सुंदर छत्री बांधली. १३ ऑगस्ट १७९५ रोजी तीही गेली. शेकडो देवळे ज्या हातांनी उभी केली त्या हातांना एक मुलगी चितेवरून उचलता आली नाही. इंग्रजी मुलखात सतीबंदीचा कायदा १८२९ साली आला, म्हणजे अडतीस वर्षांनी.

तिसऱ्या मुक्तेचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकलेही नसेल, आणि त्यात त्यांचा दोष नाही. शाळेच्या पुस्तकांनी तिला फार उशिरा जागा दिली. मुक्ता साळवे ही पुण्यातली मांग समाजातली मुलगी. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत ती शिकली. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ पत्रात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध फेब्रुवारी आणि मार्च अशा दोन अंकांत छापून आला. लिहिणारी अजून मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या वयाची होती.

निबंध म्हटला की आपल्याला गायीवरचा निबंध आठवतो. हा तसा नव्हे. तिचा तर्क वकिलासारखा चालतो. वेद जर एकाच जातीची मालमत्ता असतील तर आमच्या वाट्याला ग्रंथच आला नाही. ग्रंथ नाही तर धर्मही नाही. मग आमचा म्हणून जो काही धर्म असेल तो कोणता, याचा जाब ती थेट देवाकडे मागते. मग ती पुराव्याकडे वळते. पेशवाईत तालीमखान्यापुढून गेलेल्या मांगाचे काय व्हायचे, वाड्यांच्या पायात कुणाला पुरायचे, हे ती सांगते. आणि मध्येच असे काही लिहिते जे लिहायला मुलगीच हवी होती: आपल्या जातीच्या बाया बाळंत होतात तेव्हा वर छप्पर नसते, थंडीवाऱ्यात त्यांचे काय हाल होत असतील, ते स्वतःच्या अनुभवावरून ओळखा, असे ती वरच्या जातींच्या बायकांना सुनावते.

पहिल्या मुक्तेने कच्चे कोण ते नामदेवांना दाखवले, चांगदेवांना दाखवले. या मुक्तेने तेच साऱ्या समाजाला दाखवले, फक्त तिच्या बाजूला ज्ञानदेव नव्हते आणि तिच्या बोलण्याला कुणी अभंग म्हटले नाही. आणखी एक गोष्ट बोलल्यावाचून राहवत नाही. ज्या देवळात विसोबाने नामदेवांना देव सर्वत्र आहे हे शिकवले, ज्याचा जीर्णोद्धार एका मुक्तेच्या आईने केला, त्या औंढ्याच्या देवळात १८५५ साली या मुक्तेला पाऊल टाकता आले नसते. नामदेवांच्या मंडळीत चोखोबा होते, तरी पंढरपुरात त्यांची जागा पायरीशीच राहिली. पाचशे वर्षांत ती पायरी हलली नव्हती.

निबंधात ती नुसती रडत नाही, हे विशेष. आपल्याच लोकांकडे तोंड करून ती सांगते की तुम्ही आजारी आहात आणि यावर औषध आहे ते ज्ञानाचे. ते घ्या, म्हणजे वाईट चाली जातील आणि जनावरासारखे हाल संपतील. दुसऱ्या मुक्तेला पुढची पंचवीस वर्षे दिसली ती रिकामी. हिला आपल्या सबंध जातीची पुढची वर्षे दिसत होती, आणि त्यांत करण्यासारखे काम दिसत होते. तेव्हा तिच्या पदरी होते ते तीन वर्षांचे शिक्षण.