ज्याची कुणी वाट पाहते



कोल्हापूरच्या गंगावेश, मोतीबाग यांसारख्या तालमींत पैलवान पहाटे उठतो, तो केवळ स्वतःच्या निश्चयावर नव्हे. आखाड्यात जोडीदार वाट पाहत असतो आणि गैरहजेरीचा जाब वस्ताद विचारतो. निश्चय डळमळला तरी ही दोन बंधने त्याला सावरतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगितला. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. हिशेब सोपा, अवघड आहे तो नेम. तो मोडला की मधुमेह, रक्तदाब मुकाट्याने घरात शिरतात.

म्हणून चार घरांनी मिळून एक वेळ ठरवावी. न आलेल्याच्या दारी त्याच दिवशी जावे. जाब विचारण्याआधी प्रकृती विचारावी. ज्याची कुणी वाट पाहते, त्याचा नेम सहसा मोडत नाही.