नर्मदा न ओलांडता

आयुष्यात एकदा तरी पाहावयाच्या ठिकाणांची यादी प्रत्येक घरात असते. ती कागदावर उतरलेली नसते इतकेच. काशी, रामेश्वर, द्वारका ही तिच्यातली जुनी नावे; हिमालय, कन्याकुमारी आणि परदेशची एखादी सहल ही नवी. माळव्यात, निमाडात आणि गुजरातेत पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत मात्र या यादीच्या शेवटी, काहीशा दबल्या आवाजात, आणखी एक नाव घेतले जाते. ते नाव कोणत्या गावाचे नाही, क्षेत्राचेही नाही. ते आहे नर्मदेच्या परिक्रमेचे. ‘नोकरीतून मोकळे झालो की’, ‘धाकटीचे लग्न उरकले की’, ‘गुडघ्यांनी साथ दिली तर’ अशा निरनिराळ्या टेकूंवर ही इच्छा वर्षानुवर्षे उभी असते. काशीला जाईन असे नुसते म्हणत राहिले तरी पुण्य लागते, असे जुनी माणसे समजत. नर्मदेच्या बाबतीत तशी सवलत कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

या मंडळींच्या मनात ही इच्छा रुजावी यात एक मौज आहे. इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, बडोदे ही सारी नगरे नर्मदेच्या उत्तरेस आहेत. म्हणजे तेथील प्रत्येक मराठी घराण्याचा कोणी ना कोणी पूर्वज केव्हा तरी ही नदी ओलांडून पलीकडे गेला होता. १७३८ साली भोपाळच्या स्वारीनंतर निजामाने नर्मदा आणि चंबळ यांमधील मुलूख पेशव्यांस देण्याचे कबूल केले, आणि जाणाऱ्यांच्या वाटेस राजकीय मान्यता मिळाली. कोणी घोड्यावरून गेले, कोणी दप्तरे घेऊन गेले, कोणी पूजेची संपुष्टे घेऊन गेले. नर्मदा ओलांडणे हा त्यांचा पराक्रम, आणि त्यांच्या वंशजांची अखेरची हौस कोणती, तर नर्मदा न ओलांडता तिच्याभोवती फिरून येणे! कारण परिक्रमेचा पहिला आणि सर्वांत कडक नियम हाच आहे की, संकल्प सोडल्यापासून तो पुरा होईपर्यंत नदी कोठेही पार करावयाची नाही.

नर्मदा अमरकंटकास उगम पावते आणि विंध्य व सातपुडा यांच्या मधल्या खचदरीतून पश्चिमेकडे वाहत १३१२ किलोमीटरांनंतर खंबायतच्या आखातास मिळते. दोन्ही तीर धरले तर हिशेब अडीच हजार किलोमीटरांच्या पुढे जातो; ओढेनाले, डोंगर आणि वळसे धरले तर याहूनही बराच अधिक. नदी सदैव उजव्या हातास राहिली पाहिजे. तीरावर कोठूनही प्रारंभ करावा, परंतु शेवट तेथेच यावयास हवा. बरोबर एका लहानशा बाटलीत नर्मदेचे पाणी घ्यावयाचे आणि रोज त्याची पूजा करावयाची. चातुर्मासात एका जागी थांबावयाचे. जुन्या परंपरेप्रमाणे या फेरीस तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवस लागतात. आजचे पायी जाणारे बहुतेक लोक ती पाच-सहा महिन्यांत पुरी करतात, आणि त्यात काही गैर आहे असे परिक्रमावासीही मानीत नाहीत.

पुष्कळ जण ओंकारेश्वराच्या दक्षिण तीरावरून निघतात. तेथे पहिल्याच दिवशी नियमाची कसोटी लागते. ओंकारेश्वराचे मंदिर नदीतील बेटावर आहे. तेथे जावयाचे तर प्रवाह ओलांडावा लागतो. म्हणून परिक्रमेस निघालेला माणूस या तीरावरच्या ममलेश्वराचे दर्शन घेतो, बेटाकडे दुरून हात जोडतो आणि पाठ फिरवून पश्चिमेकडे चालू लागतो. समोर दिसणारे देऊळ महिनोन् महिने पुढे ढकलून निघण्याची ही रीत कोणी शोधून काढली असेल त्याला माणसाच्या मनाची चांगली पारख असली पाहिजे.

काही दिवसांच्या चालीत रावेरखेडी लागते. १७४० च्या एप्रिल महिन्यात थोरल्या बाजीरावांनी येथे, याच दक्षिण तीरावर, देह ठेवला. आयुष्यभर ही नदी ओलांडीत आलेला हा सेनानी तिच्याच काठी थांबला. इतिहासात रस असलेले लोक मुद्दाम मोटारीने येथे येतात, समाधीचे छायाचित्र घेतात आणि तासाभरात परततात. परिक्रमावासी तेथे घटकाभर टेकतो, कारण त्याचे पाय दुखत असतात. कोणाच्या भेटीत बाजीराव अधिक असतो हे सांगणे कठीण आहे.

परिक्रमेत पाय दुखतात, हे सर्वांस ठाऊक असते. त्याची तयारी लोक करून येतात. बूट घेतात, मलमे घेतात, महिनाभर आधी रोज सकाळी फिरावयास जातात. ज्याची तयारी करता येत नाही ती गोष्ट निराळीच आहे. ती म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभे राहणे. बरोबर पैसा बाळगू नये, मिळेल त्यावर निर्वाह करावा, असा जुना दंडक आहे. काठावरच्या गावांतून आणि आश्रमांतून सदावर्त चालते. कोठे तयार जेवण मिळते, कोठे कोरा शिधा म्हणजे पीठ, डाळ, तांदूळ, चिमूटभर मीठ मिळते आणि चूल आपली आपण पेटवावयाची असते. जन्मभर कचेरीत दुसऱ्यांचे अर्ज मंजूर किंवा नामंजूर करणाऱ्या गृहस्थाने एखाद्या मातीच्या घरासमोर उभे राहून ‘नर्मदे हर’ म्हणावयाचे आणि आत कोणी आहे की नाही याची वाट पाहावयाची! पहिल्या दिवशी आवाज घशाबाहेर पडत नाही, असे पुष्कळांनी लिहून ठेवले आहे. आतून तसाच ‘नर्मदे हर’ असा प्रतिसाद येतो आणि पाठोपाठ चहाचा पेला येतो. देणाऱ्याच्या घरात उद्याचे पीठ असेलच असे नाही. हा चहा पिताना मनाचे जे होते ते कोणत्याही प्रवासी कंपनीच्या पत्रकात छापता यावयाचे नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. हा पाहुणचार अखंड आहे म्हणून तो अक्षय आहे असे नव्हे. परिक्रमेवर पुस्तके निघाली, चित्रफिती निघाल्या, आणि काठावरच्या लहान लहान गावांत हिवाळाभर माणसांची रीघ लागू लागली. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने व्रत म्हणून मागावे, परंतु निघताना कोठीत काही घालावे. आयते मिळाले म्हणून भाजीला नावे ठेवणारे यात्रेकरूही असतात. त्यांनी घरी बसून नदीचे स्तोत्र म्हणावे.

बडवानीच्या पुढे शूलपाणीची झाडी सुरू होई. ‘होई’ असेच म्हटले पाहिजे. जुन्या परिक्रमावासीयांच्या आठवणींत या अरण्याइतके भय आणि या अरण्याइतके प्रेम दुसऱ्या कशालाच लाभलेले नाही. येथे भिल्ल लोक वाटसरूंस अडवीत आणि भांडे, घोंगडी, कपडे काढून घेत. अंगावर लंगोटी तेवढी ठेवीत. लुटणाऱ्यांस यात्रेकरू ‘मामा’ म्हणत, आणि ही लूट नर्मदामाईच्या इच्छेनेच होते, तीच मग पुढच्या गावी वस्त्र देते, अशी श्रद्धा होती. गोपाळ नीळकंठ दांडेकरांनी तारुण्यात परिक्रमा केली आणि पुढे ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिली. तेव्हापासून ही झाडी मराठी वाचकाच्याही मनात उगवली. श्रद्धेचा भाग श्रद्धेकडे ठेवला तरी एवढे दिसते की, ज्यांच्या घरी थंडीत पांघरावयास काही नव्हते त्यांनी घोंगडी नेली.

पुढे त्या मामांची गावेच गेली. १९६१ साली ज्याची कोनशिला बसली ते सरदार सरोवर धरण २०१७ साली पूर्ण उंचीचे होऊन राष्ट्रास अर्पण झाले. १३८.६८ मीटर उंचीच्या या भिंतीमागे साठलेल्या पाण्यात झाडीचा काठ, पायवाटा आणि शेते बुडाली. एकट्या महाराष्ट्रातील, नंदुरबार जिल्ह्यातील, ३३ गावांस ही झळ लागली. मणिबेली हे त्यांतले बहुतेकांनी ऐकलेले नाव. ज्या शूलपाणेश्वराने अरण्याला नाव दिले त्याचे जुने देऊळ पाण्याखाली गेले आणि नवे गोरा येथे उभारले गेले. वर मध्य प्रदेशात इंदिरा सागराच्या पाण्यासाठी २००४ साली हरसूद हे भरले गाव लोकांनी आपल्या हातांनी मोडून सोडले. याच पाण्याने कच्छ-सौराष्ट्रातील घागरी भरल्या आणि २००८ साली राजस्थानातील कोरड्या शेतांपर्यंत कालवा पोचला, हेही तितकेच खरे आहे. पाणी मिळालेला शेतकरी आणि घर बुडालेला शेतकरी एकमेकांस कधी भेटत नाहीत. परिक्रमावासीयास निदान एकाच्या दारावरून जावे लागते.

परिणाम असा झाला की, नदीच्या काठाने चालणे पुष्कळ ठिकाणी आता शक्यच उरलेले नाही. जुनी वाट तळाशी आहे आणि नवी वाट डोंगरामागून जाते. दक्षिण तीरावरचे कित्येक यात्रेकरू शहाद्याजवळच्या प्रकाशावरून जातात. प्रकाशे तापीच्या काठी आहे! नर्मदेची प्रदक्षिणा करणाऱ्याने तापीच्या काठी मुक्काम करावा आणि उजव्या हातास, कोसांच्या पलीकडे, दिसत नसलेली नदी आहे असे समजून चालावे, असा हा प्रकार आहे. जुन्या नियमांप्रमाणे नदी नजरेआड होऊ देऊ नये. परंतु नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वाहती नदी होती, साठविलेली नव्हती.

मग आज ही इच्छा मनात बाळगण्यात अर्थ आहे काय? जबलपूरचे चित्रकार अमृतलाल वेगड यांच्या उदाहरणाकडे पाहिले तर आहे असे वाटते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याजवळ शिकलेला हा कलाशिक्षक १९७७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, परिक्रमेस निघाला. घर होते, नोकरी होती. तेव्हा त्यांनी परिक्रमेचे तुकडे पाडले. सुट्टीत यावे, जेथे सोडले तेथून पुढे काही दिवस चालावे, रेखाटने करावी आणि परत वर्गावर हजर व्हावे. पुढे पत्नीही बरोबर चालू लागल्या. वर्षांमागून वर्षे गेली. यातून गुजराती आणि हिंदी पुस्तके झाली, कागदाच्या कपट्यांची सुंदर चित्रे झाली, आणि २००४ साली गुजराती पुस्तकास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०१८ साली ते वारले. बरगी धरणाच्या पाण्याखाली गेलेले काठ त्यांनी बुडण्यापूर्वी पाहिले होते. निवृत्तीची वाट पाहिली असती तर ते त्यांस दिसले नसते.

खंडशः परिक्रमा करण्यास कर्मठ लोक नाक मुरडतात, आणि बसने पंधरा-वीस दिवसांत करणाऱ्यांस तर ते हिशेबातच धरीत नाहीत. बसने घाट दिसतात, देवळे दिसतात. दोन घाटांमधील नदी दिसत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सत्तरीच्या, गुडघे दुखत असलेल्या आजींना ‘पायी नाही तर नाहीच’ असे ऐकविण्याचा अधिकार कोणाचा? बडोद्याकडच्या मंडळींना आणखी एक सोय आहे. तिलकवाड्याजवळ नर्मदा थोडी उत्तरेकडे वळून वाहते. चैत्र महिन्यात तेवढ्या भागाची उत्तरवाहिनी परिक्रमा होते आणि ती एका दिवसात आटपते. मात्र तिच्यात नदी पार करावी लागते. इंदूरच्या माणसास तर महेश्वरच्या घाटापासून मंडलेश्वरापर्यंतची सकाळची चाल केव्हाही मोकळी आहे. अहिल्याबाईंनी बांधविलेल्या त्या पायऱ्यांवर बसून निघावयाचे, आणि नदी उजव्या हातास आहे ना, एवढे पाहावयाचे.

जो संपूर्ण फेरीस निघतो त्याला एके दिवशी विमलेश्वराजवळ समुद्र दिसतो. तेथे नियमास अपवाद आहे. नदी सागरात मिसळल्यावर तिचे नदीपण उरत नाही, म्हणून भरतीची वेळ साधून नावेने काही तासांत उत्तर तीरावरच्या मिठी तलाईस उतरतात. परिक्रमेतील सर्वांत भीतीचा प्रवास तोच, असे खलाशीही सांगतात. मग तोंड पूर्वेकडे फिरते. भडोच येते, टेंबेस्वामींच्या समाधीचे गरुडेश्वर येते, महेश्वर, नेमावर, भेडाघाट येते, आणि अमरकंटकास नदी इतकी लहान होते की तिच्या उगमामागून वळसा घालताना आपण इतके महिने कोणाला भीत होतो असे वाटावे. तेथून दक्षिण तीराने परत.

ओंकारेश्वरास पोचल्यावर बाटलीतले पाणी अर्पण करावयाचे असते. ज्या बेटाकडे निघताना पाठ केली त्याच्या पुलावर आता पाय टाकता येतो. मधोमध थांबून खाली पाहणारे पुष्कळ असतात. दर्शन होते, प्रसाद होतो, संध्याकाळची इंदूरची बस मिळते. ती मोरटक्क्याच्या पुलावर आली की खिडकीकडचे प्रवासी नेहमीप्रमाणे नाणी शोधू लागतात. इतके महिने जी नदी ओलांडली नाही ती दोन मिनिटांत मागे पडते. परिक्रमा करून आलेल्याजवळ तेव्हा नाणे नसते. शेजारचा कोणी तरी त्याच्या हातावर एक ठेवतो.